डावीकडे शेपूट, उजवीकडे नाक: एका टुरिंग कारमधल्या पिळाचं प्रकरण

गाडी १/१० मापाची, रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक टुरिंग कार आहे. कार्बन फायबरचं चॅसिस, दोन बेल्टवर चारही चाकांना ताकद, पुढे स्पूल (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा ठोस जोड), मागे तेलाचा गिअर डिफ (दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल). १७.५ टर्नची ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) ब्लिंकी मोडमध्ये, म्हणजे ईएससीकडून टायमिंग शून्य. बॅटरी दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो, टायर रबराचे. रेसला तयार गाडीचं वजन १३३० ग्रॅम.

हा सगळा संच आधी इनडोअर कार्पेटवर धावत होता. तिथे डाव्या पुढच्या कोपऱ्याने भिंतीला धडक दिली, म्हणून त्या बाजूचा खालचा आर्म (चाक धरणारा दांडा) नवा बसवला. त्याच वेळी टॉप डेक (चॅसिसवरची वरची पाटी) उघडून पुढचा बेल्ट बदलला आणि उजवा मागचा शॉक तेल गळत होता म्हणून नव्या ओ-रिंग टाकून भरला. पुढची रेस डांबरी ट्रॅकवर होती. भर दुपार, हवा ३८ अंश, लॅप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. त्यामुळे उजवी वळणं जास्त आणि डावी फक्त तीन.

चालवणाऱ्याची तक्रार दुहेरी होती. उजव्या वळणांत गाडीचं नाक आत येत नाही, ती बाहेरच्या कडेकडे ओढली जाते. आणि सरळ रेषेच्या टोकाला असलेल्या डाव्या वळणात थ्रॉटल देताच शेपूट सुटते. चार पॅक, म्हणजे चार बॅटऱ्या, याच भांडणात गेले. उजवीकडे नाक येत नाही म्हणून पुढचे स्प्रिंग २.८ वरून २.६ न्यूटन प्रति मिमीवर आणले. नाक थोडं सुधारलं, पण डावीकडे गाडी सरळ गिरकीच घ्यायला लागली. मग मागचा अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी तार) १.३ मिमीवरून १.२ मिमीचा केला. डावीकडे जेमतेम सावरली, उजवीकडे पुन्हा नाक गेलं. एक दोष मिटवला की दुसरा वाढतो, म्हणून गाडीत दोन वेगवेगळे दोष आहेत असा समज झाला. दोष एकच होता, आणि तो स्प्रिंगच्या कडकपणात नव्हताच.

एकाच दिशेचा दोष काय सांगतो

स्प्रिंग, तेल, कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकाचा आत-बाहेर रोख), राइड हाइट (चॅसिसची जमिनीपासून उंची) हे बदल आपण डाव्या-उजव्या जोडीने करतो. दोन्ही पुढचे स्प्रिंग मऊ केले तर गाडी दोन्ही दिशांना सारखीच बदलते. मग जी गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागते तिला जोडीने केलेला कोणताही बदल बरं करू शकत नाही. फार तर तो त्रास एका वळणावरून उचलून दुसऱ्या वळणावर ठेवतो. या चार पॅकमध्ये नेमकं हेच घडत होतं.

इथे लक्षणांचा मेळ पाहायला हवा. डावीकडे मागची पकड कमी आणि उजवीकडे पुढची पकड कमी, ही जोडी जिथे दिसते तिथे पहिला संशय तिरक्या भारावर घ्यावा. चौरंगाचा एक पाय किंचित लांब असला की काय होतं? चौरंग तिरक्या रेषेतल्या दोन पायांवर उभा राहतो आणि उरलेले दोन डुगडुगतात. गाडीला स्प्रिंग असल्याने ती डुगडुगताना दिसत नाही, पण भार मात्र त्याच दोन तिरक्या चाकांवर जास्त बसतो. इथे ती चाकं होती डावं पुढचं आणि उजवं मागचं.

टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून एका ॲक्सलवरच्या दोन चाकांत भार जितका विषम, तितकी त्या ॲक्सलची एकूण पकड कमी. डाव्या वळणात भार उजव्या बाजूला सरकतो. उजवं मागचं चाक आधीच जड, त्यावर आणखी भार आला की मागची जोडी फारच विषम होते. पुढे उलट घडतं. तिथे डावं चाक जड होतं, त्यामुळे सरकून आलेला भार उजव्या हलक्या चाकावर बसतो आणि पुढची जोडी त्या मानाने समतोल राहते. पुढची पकड टिकते, मागची जाते, शेपूट सुटते. उजव्या वळणात हाच हिशेब उलटा करून पाहिला की नाक का जातं ते कळतं.

टेबलावर: स्वस्त तपासण्या आधी

सेटअप बोर्ड (मोजमापाची सपाट पाटी) काढण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. मागची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावायची आणि तीन लॅप मारायचे. दोष दिशा बदलून आला तर तो टायरमध्ये आहे: डिंक सुटलेली कड, आत गोळा झालेला इन्सर्ट (टायरमधला फोम), किंवा दोघांतला एक जास्त झिजलेला. मग हेच पुढच्या चाकांनी. इथे दोष जागचा हलला नाही, म्हणजे टायर निर्दोष. टायरची कड अंगठ्याने रिमपासून ओढून पाहणं तरीही सोडू नये. अर्ध्या इंचाची सुटलेली कड पूर्ण वेगात फुगते, हातात मात्र कळत नाही.

नंतर बॉडी. लेक्सनच्या बॉडीची भोकं पोस्टच्या रेषेत नसतील तर क्लिप लावताना बॉडी पोस्टला ओढते आणि पातळ चॅसिसला ताण बसतो. बॉडी चारही पोस्टवर आपोआप, न दाबता उतरली पाहिजे. इथे मागचं एक भोक घट्ट होतं. ते रीमरने एक मिमी मोठं केलं. हे मुख्य कारण नव्हतं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं. बॅटरीही अशीच फसवते. पॅक टेपने किंवा पट्ट्याने करकचून बांधला की कडक केसचा पॅक चॅसिसच्या लवचीकपणात अडथळा आणतो. पॅक जागेवर हलता कामा नये, पण त्याने चॅसिसला धरूनही ठेवता कामा नये.

मग रेडिओ. ट्रान्समीटरवर स्टिअरिंग ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य सरकवणारी जुळवणी) सहा पायऱ्या डावीकडे होता. गाडी सरळ रेषेत उजवीकडे ओढते म्हणून तो दिलेला होता. म्हणजे दोषावर पांघरूण घातलं होतं, आणि त्या पांघरुणाची किंमत उजव्या वळणात मोजावी लागत होती: पूर्ण उजव्या लॉकला (चाक वळण्याच्या शेवटच्या मर्यादेला) आतलं चाक डाव्या लॉकपेक्षा दोन अंश कमी वळत होतं. उजवीकडे नाक न येण्याचा काही भाग इथून होता.

दुरुस्तीचा क्रम असा. ट्रिम आणि सब-ट्रिम (मध्याची बारीक जुळवणी) शून्यावर. सर्व्हो हॉर्न (स्टिअरिंग फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरचा हात) काढायचा, रेडिओ आणि गाडी चालू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्यायचा, मग हॉर्न शक्य तितका काटकोनाजवळच्या दात्यावर बसवायचा. उरलेला फरक सब-ट्रिमने काढायचा. दोन्ही स्टिअरिंग लिंकची लांबी कॅलिपरने सारखी करायची. शेवटी सेटअप स्टेशनवर दोन्ही बाजूंच्या पूर्ण लॉकचा कोन मोजून एंडपॉइंट (रेडिओवरची वळण्याची मर्यादा) जुळवायचे. ट्रिम हे शर्यतीत वेळ मारून नेण्याचं साधन आहे. टेबलावर आल्यावर तो शून्य करून मूळ शोधलंच पाहिजे.

हालचाल: काय अडकतंय

चारही शॉक खालून सोडले आणि अँटी-रोल बारचे दुवे काढले. आता प्रत्येक आर्म हाताने वर उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने थेट खाली पडला पाहिजे. तीन पडले. नवा बसवलेला डावा पुढचा आर्म अर्ध्यावर थांबत होता. नव्या प्लास्टिकच्या आर्मची भोकं बऱ्याचदा किंचित तंग येतात. पिन काचेवर गडगडवून सरळ असल्याची खात्री केली आणि आर्मच्या भोकातून ३ मिमीचा रीमर एकदा फिरवला. ड्रिल वापरू नये. भोक अंडाकृती झालं तर आर्म खुळखुळतो आणि टो जागेवर राहत नाही. आर्मच्या पुढे-मागे शिमने (पातळ वॉशरने) इतकीच जागा ठेवावी की तो मोकळा फिरेल पण बोटाने पुढे-मागे सरकणार नाही.

अडकणारा आर्म हा शॉकशिवाय लागलेला आणखी एक शॉक असतो, तोही एकाच कोपऱ्यावर. डांबरावर प्रत्येक उंचवट्याला तो कोपरा वर राहतो आणि मोजमापही खोटं देतो: गाडी टेबलावर टेकवली की दर वेळी वेगळी राइड हाइट दिसते. एकच गाडी तीनदा उचलून टेकवल्यावर तीन आकडे येत असतील, तर पुढे काहीही मोजण्यात अर्थ नाही.

चार शॉक काढून कॅलिपरने आयलेट ते आयलेट पूर्ण ताणलेली लांबी मोजली. फरक ०.१ मिमीच्या आत असावा, तो होता. पण उजवा मागचा शॉक दाबून सोडल्यावर पूर्ण बाहेर येत होता आणि बाकीचे तीन निम्म्यावर थांबत होते. तेल भरताना दांडा बाहेर ठेवून टोपण लावलं की आत तेल जास्त अडकतं, दांडा आत गेल्यावर त्याला जागा उरत नाही आणि ब्लॅडर (टोपणातला रबरी पडदा) दाबला जातो. तो दाब त्या कोपऱ्यात छोट्या जादा स्प्रिंगसारखा काम करतो. शॉक पुन्हा भरला. तेल काठापर्यंत ओतून दांडा सावकाश दहा-बारा वेळा वर-खाली केला, बुडबुडे निघायला दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवला. मग दांडा अर्धा आत ठेवून टोपण तिरकं टेकवत लावलं, म्हणजे जादा तेल कडेने निघून जातं. चारही शॉकचा परतावा एकसारखा येईपर्यंत हेच करावं लागतं. डाव्या-उजव्या शॉकचे तळ एकमेकांना लावून एकदम दाबणं ही त्याची सोपी परीक्षा आहे. दोन्ही दांडे एकाच वेगाने आत-बाहेर झाले पाहिजेत.

याच शॉकची स्प्रिंग कॉलर जोडीदारापेक्षा १.२ मिमी खाली फिरवलेली होती, म्हणजे प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) जास्त. शॉक जोडताना ती अंदाजाने लावली गेली आणि राइड हाइट मात्र चॅसिसच्या मधल्या रेषेवर मोजली गेली. मध्यावर मोजलं तर एका कोपऱ्याचा चढ अर्धा दिसतो, आणि तो मागच्या पूर्ण उंचीत मिसळून जातो.

काचेवर: खरा पीळ

एवढं सापडल्यावर काम संपलं असं वाटतं. संपलं नव्हतं. शॉक काढलेलेच होते, तेव्हा चाकं आणि बॅटरी काढून चॅसिस जाड काचेवर ठेवलं. सेटअप बोर्ड चालेल, पण घरातलं लाकडी टेबल चालणार नाही. बोटाने कोपऱ्यांवर आलटून पालटून दाबलं तर चॅसिस डुगडुगलं. डावा पुढचा आणि उजवा मागचा कोपरा काचेला टेकलेले, उजव्या पुढच्या कोपऱ्याखाली ०.३ मिमीची फीलर पट्टी जात होती. हीच ती तिरकी रेषा.

आता प्रश्न असा की चॅसिसच वाकलं आहे, की ते धरून ठेवणारं काही चुकीचं आवळलं गेलं आहे? टॉप डेकचे सगळे स्क्रू अर्धा फेरा सैल केले. डुगडुगणं थांबलं. म्हणजे चॅसिस सरळ आहे, पीळ टॉप डेकने कोंडून ठेवला होता. बेल्ट बदलल्यावर गाडी हातात धरून, एका कोपऱ्यापासून सुरू करून स्क्रू क्रमाने पूर्ण आवळत गेलं की हेच होतं. हातात धरलेलं चॅसिस किंचित पिळलेलंच असतं, आणि टॉप डेक त्याला त्याच स्थितीत कुलूप लावतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं वर कितीही स्प्रिंग बदला, खाली पीळ तोच.

आवळण्याची पद्धत सांगतो, कारण या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. टॉप डेकचे आणि मोटर माउंटला वरून धरणारे स्क्रू अर्धा फेरा सैल करायचे. चॅसिस काचेवर ठेवून दोन्ही हातांनी पुढे आणि मागे सपाट दाबायचं. दुसऱ्या माणसाने, किंवा एका हाताने दाब ठेवत, मधल्या स्क्रूपासून सुरुवात करायची आणि बाहेरच्या टोकांकडे डावा-उजवा असा आलटून पालटून जायचं. पहिल्या फेरीत स्क्रू फक्त टेकेपर्यंत, दुसऱ्या फेरीत आवळायचे. २ मिमीच्या हेक्स ड्रायव्हरला दोन बोटांची ताकद पुरते. ॲल्युमिनियमचा आटा एकदा गेला की तो बल्कहेडच, म्हणजे आर्म धरणारा धातूचा ठोकळाच, बदलावा लागतो. थ्रेड-लॉक फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला, तोही निळा, एक थेंब. प्लास्टिकला तो लागला तर प्लास्टिक तडकतं. शेवटी पुन्हा डुगडुगण्याची परीक्षा. मग बॅटरी बांधून परत तीच परीक्षा. बॅटरी बांधल्यावर चॅसिस डुगडुगलं तर दोष पट्ट्यात.

सैल केल्यावरही पट्टी जात असती तर? मग पुढचे आणि मागचे बल्कहेड एकेक करून सैल करून पाहायचे, आणि तरीही फरक पडला नाही तर चॅसिसची पाटीच गेली असं समजायचं. कार्बनची पाटी वाकवून सरळ होत नाही.

चार आकडे

पीळ काढायच्या आधी, गाडी जशी ट्रॅकवरून आली तशी चार वजनकाट्यांवर ठेवून वजनं घेतलेली होती. डावं पुढचं ३४५ ग्रॅम, उजवं पुढचं ३१२, डावं मागचं ३२०, उजवं मागचं ३५३. डावी बाजू ६६५, उजवी बाजूही ६६५. एवढ्यावर समाधान मानून कित्येक जण काटे उचलून ठेवतात. पण तिरकी बेरीज करा: डावं पुढचं अधिक उजवं मागचं ६९८, आणि दुसरी तिरकी जोडी ६३२. सहासष्ट ग्रॅमचा फरक.

डाव्या-उजव्या बाजूची बेरीज बदलायची तर वस्तू हलवाव्या लागतात, म्हणजे बॅटरी, ईएससी किंवा शिशाची पट्टी. स्प्रिंग फिरवून ती बदलत नाही. उलट तिरकी बेरीज प्रीलोड, पीळ आणि अँटी-रोल बार यांनीच ठरते, तिथे शिसं चिकटवून उपयोग नाही. म्हणून आधी शिशाने बाजू जुळवायच्या, मग स्प्रिंगने तिरपी जोडी.

जुळवताना अँटी-रोल बार सुटेच ठेवले. चारही कॉलर कॅलिपरने जोडीने सारख्या केल्या, गाडी थोड्या उंचीवरून टेकवली, दोनदा दाबून सोडली आणि मग वाचन घेतलं. उरलेला थोडा फरक मागच्या एका कॉलरला पाव फेरा देऊन आणि दुसरीतून तेवढाच काढून मिटवला. असं केल्याने मागची उंची ढळत नाही. अखेरची वजनं: ३२९, ३२८, ३३६, ३३७. तिरक्या बेरजा ६६६ आणि ६६४.

काटे नसतील तर पातळ पातं पुरतं. पुढच्या बंपरखाली चॅसिसच्या बरोबर मध्यावर पातं घालून गाडी हळू उचलायची. दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली गेली पाहिजेत. एक आधी उचललं तर ते हलकं आहे, आणि त्याचा उपाय मागच्या स्प्रिंगमध्ये शोधायचा, कारण मध्यावर उचललेल्या पुढच्या भागाचा कल मागची चाकं ठरवतात. मागून उचलल्यावर पुढच्या स्प्रिंगची परीक्षा होते.

आता अँटी-रोल बार एकेक करून जोडायचे. बार आधी काचेवर ठेवून त्याची दोन्ही टोकं सारखी टेकतात का ते पाहायचं. पुढचा बार जोडल्यावर काही बदललं नाही. मागचा जोडताच पात्याच्या परीक्षेत डावं मागचं चाक आधी उचललं. उजवा दुवा अर्ध्या फेऱ्याने लांब होता, आणि त्याचा बॉल कप इतका घट्ट की बार मध्यावर परत येतच नव्हता. कपला पक्कडीने बाहेरून हलकं दाबून तो मोकळा केला, दुवे सारखे केले. बार जोडलेला आणि सुटा, दोन्ही स्थितींत परीक्षा एकच उत्तर देईल तेव्हाच काम झालं.

ड्रूप, म्हणजे चाकाला खाली लटकायची मोकळीक, शेवटी. राइड हाइट ठरल्याशिवाय ड्रूप ठरवू नये, कारण उंची बदलली की ड्रूप आपोआप बदलतो. गाडी चाकांवर उभी करून एका टोकाने उचलायची आणि चाक जमीन सोडेपर्यंत चॅसिस किती मिमी वर आलं ते मोजायचं. मागे डावीकडे २.८ आणि उजवीकडे २.२ होतं. ड्रूप स्क्रूने दोन्ही २.५ केले, पुढे २.०.

पुन्हा ट्रॅकवर

आता गाडी दोन्ही दिशांना एकसारखी वागू लागली. उत्तम झाली असं नाही: दोन्हीकडे वळणात शिरताना नाक किंचित सुस्त, आणि तिसऱ्या मिनिटानंतर दोन्हीकडे शेपूट हलकी. पण हा आता सेटअपचा प्रश्न झाला होता, आणि सेटअपने सुटणारा.

कार्पेटवरचा पाया डांबरावर का चालत नाही हे थोडक्यात. कार्पेटची पकड जबर, त्यामुळे तिथे गाडी उलटू नये म्हणून कडक स्प्रिंग, जाड बार, कमी ड्रूप, कमी उंची लागते. डांबरावर पकड कमी आणि पृष्ठभाग खडबडीत. गाडीला झुकू द्यावं लागतं, म्हणजे टायर दाबला जाऊन पकड मिळते. राइड हाइट ५.० वरून पुढे ५.२, मागे ५.४ मिमी केली. चॅसिसच्या तळावर पुढे नवे ओरखडे दिसत होते, ते थांबले. स्प्रिंग पुढे-मागे २.६, बार पुढे १.३ आणि मागे १.२ मिमी. मागच्या डिफचं तेल ७००० वरून ५००० सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं एकक). शॉकचं तेल मात्र ४५० वरून खाली आणलं नाही. मऊ स्प्रिंगला पातळ तेल हवं असतं हे खरं, पण बाटलीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. ४० अंशांच्या आसपास सिलिकॉन तेल जवळपास पाव भाग पातळ होतं, त्यामुळे दुपारच्या ४५० चं प्रत्यक्षात साडेतीनशेच्या जवळ झालेलंच असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी लावलेला शॉक दुपारी वेगळा शॉक असतो. सेटअप शीटवर तेलाशेजारी वेळ आणि तापमान लिहिलं नाही तर तो आकडा निरुपयोगी.

नाकाच्या सुस्तीसाठी पुढचा टो-आउट ०.५ वरून १.० अंश करून पाहिला. शिरताना चपळाई आली. जुन्या मापावर जाऊन खात्री केली, पुन्हा नव्यावर आणला. असं जाऊन-येऊन तपासणं कंटाळवाणं वाटतं, पण ट्रॅक दर तासाला बदलतो. मागे न जाता पुढेच गेलं तर सुधारणा बदलामुळे झाली की ट्रॅकवर रबर बसल्यामुळे, हे कधीच कळत नाही.

तिसऱ्या मिनिटानंतरची हलकी शेपूट वेगळ्या जातीची होती. वेळेनुसार येणारा दोष उष्णतेचा असतो. गाडी थांबताच दहा सेकंदांच्या आत तापमान-गनने टायर मोजले. उशीर केला तर पृष्ठभाग थंड होऊन आकडा खोटा येतो. मागचे टायर पुढच्यापेक्षा ९ अंशांनी गरम होते, आणि त्यांची आतली कड चकचकीत. दोन कारणं सापडली. मागचा कॅम्बर उणे २.० अंश होता, त्यामुळे टायर आतल्या कडेवर जास्त चालत होता. तो उणे १.५ केला. दुसरं कारण जास्त मोठं: कार्पेटची सवय तशीच चालू होती. टायरना ॲडिटिव्ह (पकड वाढवणारं द्रव) लावून अर्धा तास मुरवणं आणि मग वॉर्मरमध्ये (टायर तापवणाऱ्या वेष्टनात) ८० अंश. गरम डांबरावर असा टायर सुरुवातीलाच आपल्या कमाल पकडीला पोचतो आणि मग उतरतो. ॲडिटिव्ह दहा मिनिटांनी पुसून टाकलं, वॉर्मर ६० अंशांवर दहा मिनिटं. पहिले दोन लॅप किंचित सावध झाले, पण पाचव्या मिनिटाला मागची पकड टिकून होती. पाच मिनिटांच्या रेससाठी हा सौदा नेहमी घ्यावा.

मागचा टो-इन ३.० अंशच ठेवला. २.५ केल्याने टायर कमी घासला जातो आणि सरळ रेषेत वेगही थोडा वाढतो, पण धुळीच्या डांबरावर थ्रॉटल देताना जो आधार जातो तो परवडत नाही.

गिअर, आणि शेवटची वजनं

कार्पेटवर १०० दाती स्पर (मोठं दातचक्र) आणि ४६ दाती पिनियन (मोटरवरचं लहान दातचक्र) होता. गाडीचं अंतर्गत गुणोत्तर १.९, म्हणजे अंतिम गुणोत्तर ४.१३. रेसच्या शेवटी मोटर ९४ अंश. मोटरच्या चुंबकाला अशी उष्णता सोसत नाही. तो कमजोर झाला की मोटर जास्त करंट ओढते आणि आणखी तापते. ४३ दाती पिनियन लावला, गुणोत्तर ४.४२. सरळ रेषेच्या टोकाला थोडा वेग गेला, वळणातून निघताना परत मिळाला, आणि मोटर ७८ अंशांवर थांबली. एंडबेलवरचं (मोटरच्या मागच्या झाकणावरचं) टायमिंग वाढवून गेलेला वेग परत आणण्याचा मोह या हवेत आवरावा.

पिनियन लहान झाला की दात जुळवण्यासाठी मोटर स्परकडे सरकते. दातांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी काढायची. स्पर पूर्ण फिरवून प्रत्येक जागी किंचित खेळ आहे का ते पाहायचं, कारण स्पर अगदी गोल क्वचितच असतो. मोटर सरकली म्हणजे वजन सरकलं, आणि माउंटचे स्क्रूही आवळले गेले. म्हणून गाडी पुन्हा काट्यांवर ठेवली. बाजूंमध्ये ४ ग्रॅमचा फरक आला होता, तो रिसीव्हरजवळची शिशाची पट्टी हलवून काढला. तिरकी बेरीज मात्र १८ ग्रॅमने ढळलेली होती. चॅसिस काचेवर ठेवलं तर पुन्हा हलकं डुगडुगणं. मोटर माउंट आणि टॉप डेकचे स्क्रू अर्धा फेरा सैल, सपाट दाब, मधून बाहेर दोन फेऱ्यांत आवळणं, की फरक २ ग्रॅमवर. एकूण वेळ सहा मिनिटं. सेटअप शीटच्या वरच्या कोपऱ्यात आता स्प्रिंगच्या आधी तिरक्या बेरजेची ओळ आहे, आणि पिनियनच्या आकड्याशेजारी लिहिलं आहे: बदलल्यास काचेवर तपासणे.